गाजलेलं उद्यान आणि मोलाचं उद्यान

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही ताडोब्याला जाऊन आलात, मग थोडं वाचलंत. देशात शंभरहून जास्त राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि सगळी मिळून देशाची दीड टक्काही जमीन व्यापत नाहीत, हे कळलं. परदेशातल्या उद्यानांपुढे आपली चिमुकली वाटली. त्यातही पर्यटक ठरावीक चार-पाच ठिकाणीच जातात. मग मेळघाट किंवा चांदोलीसारख्या, फारसं कोणी न फिरकणाऱ्या उद्यानांवर पैसा आणि जमीन का अडकवायची? ती जमीन गावांना का देऊ नये? आणि उद्यानाची किंमत रुपयांत निघते का? शेवटी, पुढच्या खेपेला कुठं जावं, हेही विचारलंत.

विदर्भातल्या जंगलांत प्राणिगणना आणि व्यवस्थापन आराखड्यांचं काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. असे प्रश्न मला गावच्या पाटलांनीही विचारलेत आणि मंत्रालयात बसणाऱ्यांनीही. तुमच्या प्रश्नात उद्यानाचा आकार, गर्दी आणि मोल या तीन गोष्टी एकाच तराजूत पडल्या आहेत. त्या सुट्या केल्या की बरंचसं आपोआप उलगडतं. काही भाग मात्र त्या त्या जंगलावर, तिथल्या पावसावर आणि शेजारच्या गावांवर अवलंबून असतो. तिथं एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही.

आकाराबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर हे एकटं उद्यान साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. आपली सगळी उद्यानं मिळून सुमारे चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजार होतात, म्हणजे सरासरी चारशेच्या थोडी वर. लडाखमधलं हेमिस चार हजारांच्या पुढे जातं, तर भरतपूरचं केवलादेव जेमतेम एकोणतीस चौरस किलोमीटरचं आहे. पण यलोस्टोन १८७२ साली जाहीर झालं आणि आपलं पहिलं उद्यान, आजचं कॉर्बेट, १९३६ साली. तोवर आपल्याकडे जंगलाच्या काठापर्यंत शेती आलेली होती. जे उरलं होतं तेच राखायचं होतं.

तरीही ‘राष्ट्रीय उद्यान’ या शिक्क्याखालचे आकडे वाचताना जपून वाचावं लागतं. तुम्ही ज्याला ताडोबा म्हणता त्यातलं कायद्यानं राष्ट्रीय उद्यान असलेलं क्षेत्र फक्त ११६ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. ते १९५५ साली, महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधी जाहीर झालं. त्याला लागून अंधारी अभयारण्य आहे. दोन्ही मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचं गाभा क्षेत्र, म्हणजे कडक संरक्षणाचा भाग, होतं आणि त्याभोवती अकराशेच्या वर बफर, म्हणजे गावंही असलेला संरक्षक पट्टा. मेळघाटातही तेच. गुगामल राष्ट्रीय उद्यान ३६१ चौरस किलोमीटरचं, पण व्याघ्र प्रकल्प त्याच्या सातपटीहून मोठा. चांदोली ३१७, तर कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प साडेअकराशेच्या पुढे.

भक्ष्य भरपूर असलेल्या जंगलात एका वाघिणीला साधारण वीस चौरस किलोमीटर जागा लागते. त्या हिशोबानं ११६ चौरस किलोमीटरमध्ये पाच-सहा वाघिणी नीट मावतील. ताडोब्यात वाघ एवढे दिसतात ते त्या उद्यानाभोवती अभयारण्य, बफर, प्रादेशिक वन आणि ब्रह्मपुरीकडचं जंगल सलग आहे म्हणून. आराखडा करताना आम्ही पहिल्यांदा उद्यानाची हद्द बघत नाही. हद्दीबाहेर पाऊल टाकलं की प्राण्याला काय मिळतं, ते बघतो.

यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ आठवत असेल. २०१९ साली तो शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणात डोकावून, तेराशे किलोमीटरहून जास्त चालला आणि बुलढाण्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. टिपेश्वर दीडशे चौरस किलोमीटरचंही नाही आणि ज्ञानगंगा तर बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. पण ही दोन ठिकाणं नसती तर त्या प्रवासाला सुरुवातही नव्हती आणि शेवटही नव्हता. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या कडेनं जातो. तिथं रस्ता उचलून प्राण्यांसाठी खालून वाट ठेवली आहे, त्यातला एक भुयारी मार्ग साडेसातशे मीटर रुंद आहे. कॅमेऱ्यांत त्याखालून वाघ, रानकुत्रे, चितळ जाताना टिपले गेलेत. उद्यानाच्या हद्दीत एक हेक्टरही न वाढवता उद्यान मोठं करण्याची माझ्या मते ही सगळ्यांत चांगली तऱ्हा आहे.

छोट्या उद्यानाचं खरं दुखणं वेगळं असतं, त्याचं नशीब बाहेरच्यांच्या हातात असतं. केवलादेवचं पाणी बाहेरून येतं. पांचना धरणाचं पाणी अडलं तेव्हा तिथली तळी कोरडी पडली आणि पक्ष्यांनी पाठ फिरवली. मणिपूरचं केइबुल लामजाओ चाळीस चौरस किलोमीटरचं, लोकताक सरोवरावर तरंगणाऱ्या गवताच्या थरांचं. संगाई हरणाचं जगातलं ते एकमेव नैसर्गिक घर. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो थर तळाला टेकायचा आणि मातीतून अन्नद्रव्यं घ्यायचा. इथाई बंधाऱ्यानं पाण्याची पातळी बारमाही वर राहिली. थराचं टेकणं थांबलं, तो पातळ होत गेला आणि हरणांचं वजन पेलेनासा झाला. उद्यानाच्या हद्दीत कुणी एक झाड तोडलं नव्हतं.

आता गर्दी. जिथं वाघ रस्त्यावरून दिसतो तिथं गर्दी होते, एवढा सरळ मामला आहे. ताडोब्यात जमीन बरीचशी सपाट आहे, तलाव आहेत, कुरणं आहेत, रस्त्यांचं जाळं आहे आणि नागपूर तीन तासांच्या आत आहे. वाघांना गाड्यांची सवय झालेली आहे. काही वाघिणी नावानं ओळखल्या जातात आणि लोक त्या नावावर बुकिंग करतात. मेळघाटात दऱ्या, कडे, साग-बांबूचे उतार आणि नागमोडी रस्ते आहेत. वाघ तिथंही आहेत, पण तुमची गाडी वळण घेईपर्यंत तो नाल्यात उतरलेला असतो. म्हणजे पर्यटकांचा आकडा जंगलाच्या उतारावर आणि विमानतळापासूनच्या अंतरावर ठरतो. त्यावरून जंगलाचा दर्जा काढायचा तर माणसाची उंची मोजून त्याची बुद्धी ठरवल्यासारखं होईल.

आणि पर्यटक पाहतो तो तुकडाही छोटाच असतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात व्याघ्र प्रकल्पांतल्या पर्यटनाचा वाद गेला, काही महिने गाभा क्षेत्रात बंदी होती. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं नियम केले की गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन असावं. उरलेल्या ऐंशी टक्क्यांत वनरक्षक, रोजंदारीवरचे संरक्षण मजूर आणि आमच्यासारखे मोजणी करणारे एवढेच जातात. ताडोब्यात पाच सफाऱ्या केलेल्या माणसानंही ताडोब्याचा बराचसा भाग पाहिलेला नसतो.

गर्दीचा फायदा होतो का? होतो, आणि तो नाकारणं अन्यायाचं ठरेल. मोहर्ली, कोलारा या गेटांवर गाईड, जिप्सीचालक, होमस्टेवाले यांची घरं त्यावर चालतात. प्रवेशशुल्क प्रकल्पाच्या संवर्धन प्रतिष्ठानात जमा होतं, त्यातून गावांसाठी कामं होतात. बफरमधल्या गावांना जन-वन विकास योजनेतून गॅस जोडण्या मिळाल्या, त्यानं सरपणासाठी जंगलात जाणाऱ्या बायांच्या फेऱ्या कमी झाल्या. पण हा पैसा गेटाजवळच्या गावांत साचतो. ज्या गावाकडे गेट नाही आणि ज्याच्या शेतात रानडुक्कर रोज रात्री येतं, त्या गावाला ताडोब्याच्या प्रसिद्धीचा काडीचा उपयोग नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं वेचायच्या आणि तेंदूपत्ता तोडायच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात. उद्यानाच्या मोलाचा हिशोब मांडताना ही बाजू वजा करावीच लागते. आकडे सांगणारे बहुतेक लोक ती करत नाहीत.

गर्दीचं एक अगदी वेगळं उदाहरण म्हणजे बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शंभर चौरस किलोमीटरच्या जरासं पुढे, चहूबाजूंनी इमारती, आणि वर्षाला वीस लाखांच्या आसपास माणसं. कान्हेरीच्या लेण्यांना येणारे, पहाटे चालायला येणारे, शाळांच्या सहली. वाघ-सिंह आहेत ते बंदिस्त आवारात. तरीही मोकळ्या जंगलात बिबटे आहेत, आणि विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव त्याच जंगलातून भरतात. इथली लोकप्रियता मला खरोखर मोलाची वाटते. हा हिरवा तुकडा वाचावा म्हणून रस्त्यावर उतरणारी माणसं या पहाटेच्या चालण्यातून तयार झाली आहेत.

आता मोलाकडे येतो. इथं सावकाश लिहितो, कारण तुमचा मूळ प्रश्न इथंच आहे.

मेळघाट नकाशावर बघा. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या तिथून निघून तापीला मिळतात. दक्षिणेच्या उतारावरून शहानूर, वान अशा नद्या पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात. पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात विहीर खणली तर खारं पाणी लागतं. मीठ विरघळवल्यासारखं पाणी पिऊन मूत्रपिंडाचे आजार झालेली माणसं तिथं गावोगाव भेटतात. शहानूर आणि वानच्या धरणांतून नळयोजनांनी या गावांना गोडं पाणी जातं. दर्यापूरच्या बाजूला नळाखाली हंडा धरणाऱ्या बाईनं मेळघाट पाहिलेला नसेल. पण वरचे उतार उघडे पडले तर पावसाळ्यात पाण्याचा लोंढा गाळ घेऊन येणार, धरण गाळानं लवकर भरणार आणि मार्चनंतर नदीत थेंब राहणार नाही.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर मे महिन्यात बघावं. जंगलातल्या नाल्यात सागाची पानं साचलेली असतात. पानांचा थर बाजूला केला की खालची माती ओलसर, काळी आणि भुसभुशीत लागते, बोट सहज आत जातं. थोडं खाली डोह असतो आणि काठावर सांबराचे, अस्वलाचे, कधी वाघाचे ठसे. त्याच डोंगररांगेतला, चराईनं आणि आगीनं उघडा पडलेला उतार बघा. वर मुरूम आणि खडे, पाऊलवाटेइतक्या रुंदीच्या घळी पडलेल्या, आणि नाला दिवाळीनंतरच कोरडा. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो. तो जमिनीत किती मुरला एवढाच फरक.

पेंचचं तसंच. तोतलाडोहचा जलाशय जंगलात आहे आणि नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा त्या नदीवर अवलंबून आहे. चांदोलीतून वारणा येते, वसंतसागर धरणात चौतीस टीएमसी पाणी साठतं, त्यावर सांगली-कोल्हापूरचा ऊस उभा आहे. कोयनेची वीज तर सगळ्यांना ठाऊक आहे. ‘कोणी जात नाही’ असं तुम्ही ज्या दोन उद्यानांबद्दल लिहिलंत, त्यांचं पाणी लाखो माणसांपर्यंत रोज जातं.

रुपयांत किंमत काढायचे प्रयत्न झालेत. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेनं २०१५ मध्ये सहा व्याघ्र प्रकल्पांचा हिशोब प्रसिद्ध केला. वर्षाला मिळणाऱ्या लाभाची किंमत रणथंबोरमध्ये सुमारे ८३० कोटी आणि पेरियारमध्ये सुमारे १,७६० कोटी रुपये निघाली. पेरियारच्या आकड्यात तामिळनाडूतल्या जिल्ह्यांना जाणाऱ्या पाण्याचा वाटा ४०० कोटींच्या पुढे होता. सहांमध्ये पर्यटकांचं लाडकं रणथंबोर सगळ्यांत खाली आलं, हे लक्षात घ्या. मी स्वतः हे आकडे आराखड्यात वापरतो, कारण वित्त विभागाशी बोलायला आकडा लागतो. पण त्यातला मोठा भाग जनुकीय वैविध्यासारख्या गोष्टींना लावलेल्या अंदाजी किमतीचा असतो आणि गृहीतक बदललं की आकडा बदलतो. म्हणून दोन उद्यानांची तुलना फक्त या आकड्यांवर करू नका. पाण्याचा हिशोब त्यातला सगळ्यांत भक्कम. तो धरणाच्या नोंदवहीत तपासता येतो.

मोलाचा दुसरा भाग म्हणजे राखीव साठा. काझिरंगाकडे बघा. १९०८ साली राखीव वन झालं तेव्हा एकशिंगी गेंडे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. २०२२ च्या गणनेत तिथं २,६१३ निघाले. गीरमध्ये आशियाई सिंह वाचला, आणि आता तो उद्यानाबाहेर किनाऱ्यापर्यंत पसरला आहे. जिथं प्राणी टिकून राहिले तिथूनच ते दुसरीकडे पोचतात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्यातली एक वाघीण चांदोलीत नेण्यात आली. ताडोब्यात तरुण वाघांना जागा मिळत नाही म्हणून ते गावांकडे वळतात, चांदोलीत जंगल आहे पण वाघिणी नव्हत्या. चांदोलीत कोणी फिरकत नाही म्हणून ते मोडीत काढलं असतं, तर ही सोय उरली नसती. माझ्या दृष्टीनं उद्यानाकडे सुटं बघू नये ते याचसाठी. गाजलेल्या उद्यानाचा प्रश्न सोडवायला न गाजलेलं उद्यान लागतं.

इथवरचं थोडक्यात: आकार मोजायचा तर हद्दीबाहेरच्या जोडणीसकट मोजा, गर्दीवरून फक्त पर्यटनाचा अंदाज करा, आणि मोल बघायचं तर उन्हाळ्यात खाली येणारं पाणी आणि बाहेर जाऊ शकणारे प्राणी बघा.

राहिला गावांना जमीन द्यायचा प्रश्न. हा मला सगळ्यांत अवघड वाटतो आणि इथं मी कोणाला झटकून टाकणार नाही. राष्ट्रीय उद्यान झालं की १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तिथं चराई बंद होते आणि हक्क संपवले जातात. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. म्हणजे ‘उद्यान’ हा शब्द माणसांवर जास्त कडक पडतो. चांदोलीच्या विस्थापितांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, ती का, हे त्या पुनर्वसन वसाहतींत जाऊन आलेल्याला सांगावं लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर ग्रामसभेच्या संमतीशिवाय गाव हलवता येत नाही, आणि ते तसंच असायला हवं.

स्वेच्छेनं उठणाऱ्या कुटुंबाला पूर्वी दहा लाख मिळायचे, २०२१ पासून पंधरा लाखांची तरतूद आहे. मी पाहिलंय त्यावरून सांगतो. ज्यांनी रोख घेतली त्यांच्याकडे तीन-चार वर्षांत बहुधा काही उरत नाही. ज्यांना एकत्र वस्ती, ओलिताची शेती आणि शाळा मिळाली त्यांची पोरं परत जायचं नाव काढत नाहीत. तेव्हा एखादं पुनर्वसन योग्य होतं का, हे पाच वर्षांनी त्या वसाहतीत जाऊन ठरवावं. कागदावरून ते कळत नाही.

उठलेल्या गावाच्या जागेचं पुढं काय होतं, तेही सांगतो. ताडोब्यातलं जामणी किंवा नवेगाव आज कुरण म्हणून ओळखलं जातं. गाव उठलं म्हणून कुरण आपोआप होत नाही. पहिल्या पावसात पडीक शेतांवर तरोटा आणि रानतुळस उगवते, जनावर तिला तोंड लावत नाही. ती बी धरायच्या आत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मुळासकट उपटावी लागते, आणि हे सलग काही वर्षं करावं लागतं. मग हळूहळू मारवेल, पवन्या ही गवतं जम धरतात. गवताबरोबर चितळ येतात, चितळांबरोबर वाघ. हे उपटण्याचं काम बहुतेक शेजारच्या गावांतल्या बायाच करतात, आणि कुठल्या गवताला चितळ आधी तोंड लावतं हे त्या आम्हा अभ्यासकांपेक्षा नेमकं सांगतात.

उलट बाजूनं बघा. मेळघाटचे उतार शेतीला दिले तर काय हाती लागेल? हातभर मातीखाली मुरूम. दोन-तीन पिकं निघतील, मग माती धरणात जाईल. ज्याला जमीन द्यायची त्यालाही आपण काही टिकाऊ देणार नाही आणि खालच्या गावांचं पाणी घालवून बसू. बफरमधले सामूहिक वनहक्क, बांबू आणि मोहाचं उत्पन्न ग्रामसभेच्या हाती देणं, पीकनुकसानीची भरपाई महिन्यांऐवजी दिवसांत पोचवणं, या गोष्टींना माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्या उद्यानाची हद्द न हलवता करता येतात.

आणि पुढच्या खेपेला कुठं जावं? वाघच बघायचा असेल तर पुन्हा ताडोबा. गाभ्याचं बुकिंग मिळालं नाही तर आगरझरी, अलिझंझासारख्या बफरच्या गेटांनी जा, तिथं भरणाऱ्या पैशाचा उपयोग बफरच्या गावांना होतो. ताडोबा मंगळवारी बंद असतं आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद ठेवतात, तारखा त्या बेतानं धरा. पण वर लिहिलेलं डोळ्यांनी पाहायचं असेल तर मेळघाटला या, आणि एका दिवसात उरकू नका. परतवाड्याहून सेमाडोहला या, कोलकासला सिपनेच्या काठी मुक्काम करा. हिवाळ्यात सागाची पानं विरळ झाली की रानपिंगळा भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला दिसू शकतो. शंभरहून जास्त वर्षं ज्याचा पत्ता नव्हता आणि जो १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो हा पक्षी. स्थानिक कोरकू गाईड घ्या आणि वाघाचा आग्रह नाही हे त्याला निघतानाच सांगा, म्हणजे तो गाडी पळवत बसणार नाही. निघण्याआधी वनविभागाच्या परतवाडा कार्यालयात कोणते रस्ते सुरू आहेत एवढं विचारून घ्या.